पंख्यावरचा खडूचा ठिपका

माझ्या थोरल्या मुलीला दुसरी मुलगी झाली, त्या वर्षाची ही गोष्ट. मूल महिनाभर आधीच आलं होतं, दोन तळहातांत मावेल एवढं, आणि सगळं घर जीव मुठीत धरून त्याच्याभोवती बसलं होतं. बहिणीच्या गाडीचा पंखा फिरत नाही ही तक्रार पहिल्यांदा माझ्याकडे आली, तेव्हा माझं अर्धं लक्ष घरी होतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे आणखी कारणं सांगेन, तीही खरी आहेत, पण हे पहिलं.

माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, आत एक फळी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली वायरींची वेटोळी आणि दारात एक गाडी उभी राहील एवढी जागा. लोक मला वायरमन म्हणायचे. अक्षरं मला तेव्हा येत नव्हती. गिऱ्हाईक गाडीचं पुस्तक उघडून त्यातले नकाशे दाखवायचं, मी मान हलवायचो आणि मग वायरीच्या रंगावरून, वासावरून, बोटांनी चाचपून काम करायचो.

लिहिता येत नसल्यामुळे माझी एक पद्धत होती. खरं तर ती माझ्या उस्तादांची. जो भाग तपासून झाला आणि चांगला निघाला, त्याच्यावर खडूने पांढरा ठिपका द्यायचा. "ठिपका दिला की त्या वाटेला पुन्हा जायचं नाही," उस्ताद सांगायचे. "नाहीतर दिवसभर गाडीभोवती गोल गोल फिरशील आणि संध्याकाळी तिथल्या तिथेच असशील." उस्तादांनाही अक्षरं येत नव्हती. त्या ठिपक्यांवर आधी त्यांनी आणि मग मी पोट भरलं, आणि तोवर तरी ठिपका कधी खोटा निघाला नव्हता.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. घरात तिला सगळे हवालदार म्हणायचे. कोण किती वाजता उठलं, कोणी चपला आडव्या काढल्या, कोणी हात न धुता ताट ओढलं, सगळी खबर तिच्याकडे असायची आणि शिक्षाही तीच सुनवायची. पन्नाशीला आली आणि तिची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली. मग आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, यंत्राला टोचून घेऊन रक्त धुऊन घ्यायचं. ते यंत्र आमच्या गावात नव्हतं, डोंगरापलीकडच्या शहरातल्या दवाखान्यात होतं. तिथे सहा खुर्च्या आणि दिवसाला तीन पाळ्या. बहिणीची पाळी सकाळी आठची. पाऊण तासाहून जास्त उशीर झाला की खुर्ची पुढच्या माणसाला जायची. नियम दारावर लावलेला होता आणि तो कोणी दुष्टपणाने केला होता असंही नाही. बाहेरच्या बाकावर कायम कोणी ना कोणी बसलेलं असायचं.

जायला एक बस होती, पण तिच्यात दोन तास उभं राहणं सुजलेल्या पायांना झेपायचं नाही. भाड्याची गाडी गावात एकच, आणि तिचा मालक पहाटे चढावर यायला तयार नसायचा. उरली भाऊजींची गाडी.

भाऊजी म्हणजे बहिणीचे यजमान. छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम करायचे. बोटांच्या टोकांना कायम खळ सुकलेली, आणि गाडी चालवायचे तीही ओली खळ सुकायची वाट बघत असल्यासारखी. बायकोचा शब्द त्यांनी आयुष्यात कधी खाली पडू दिला नाही. त्यांतला एक शब्द माझ्याबद्दलचा होता.

तिशीत असताना मी एकदा तापलेल्या रेडिएटरचं झाकण नुसत्या हाताने उघडलं होतं. उकळतं पाणी मानेवर आणि डाव्या खांद्यावर आलं. बहीण तेव्हा माहेरी आलेली होती. वीस दिवस तिने मला मलम लावलं, आणि मलम लावता लावता हुकूम काढला, की घरातली कुठलीही गाडी दादाकडे न्यायची तर गार करून न्यायची. गरम गाडी त्याच्यासमोर उभी करायची नाही. आम्ही हसलो होतो. भाऊजी हसले नव्हते, त्यांनी ते मनात नोंदवून ठेवलं होतं.

नात तीन आठवड्यांची असताना, मंगळवारी सकाळी, दोघं दुकानात आली. भाऊजींनी गाडी अगदी रेघेत उभी केली आणि उतरले.

"दादा, गाडी तापते."

"कुठे?"

"चढावर. शेवटच्या तीन वळणांत. काटा वर जातो आणि मग वाफ. काल अर्धा तास थांबलो. खुर्ची मिळाली, पण थोडक्यात."

"आणि पंखा?"

"पंखा गप्प असतो."

"दादासारखा नाही," बहीण आतून म्हणाली. "दादा निदान कुरकुरतो तरी." मग लगेच, "बाळाचं वजन किती भरलं?"

"दोन किलोला थोडं कमी."

"म्हणजे माझ्या एका पायाएवढी," ती म्हणाली आणि सुजलेला पाय दाराबाहेर काढून दाखवला.

मी बॉनेटवर हात ठेवला. पत्रा थंडगार.

"गाडी तर गार आहे," मी म्हणालो.

"मग काय, गरम आणून तुला पुन्हा उकडायचाय? कालपासून उभी ठेवली होती."

मी कामाला लागलो. आधी मोटर. पंख्याच्या मोटरचा जोड सोडवला आणि दोन वायरींनी तिला थेट बॅटरीला लावलं. पंखा असा फिरला की दारातली धूळ उठली. खडू घेतला आणि मोटरच्या काळ्या पाठीवर ठिपका दिला. तो पहिला ठिपका. मग रेडिएटरच्या तळाचं तापमानाचं बटण. पाणी तापलं की ते पंख्याला करंट सोडतं. त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून पाहिल्या, पंखा फिरला, म्हणजे पुढची लाइन चांगली. ठिपका. मग फ्यूज काढला, तर त्याच्या पायांवर हिरवट बुरशी धरलेली.

"सापडलं," मी म्हणालो.

पॉलिश पेपरने पाय घासले, जागा घासली, फ्यूज बसवला आणि गाडी चालू ठेवून आम्ही तिघं काट्याकडे बघत बसलो. वीस मिनिटांनी काटा मध्यावर आला आणि पंखा आपोआप सुरू झाला. थोडा वेळ फिरला, थांबला, पुन्हा सुरू झाला. बहिणीने टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. मी शटर ओढून नातीकडे गेलो.

बुधवारी गाडी नीट गेली. शुक्रवारी शेवटून तिसऱ्या वळणावर पुन्हा वाफ आली. दोघं दवाखान्यात साडेनवाला पोचली आणि खुर्ची गेली होती. सिस्टर म्हणाली, संध्याकाळपर्यंत बसा, कोणी आलं नाही तर तुम्हाला घेऊ. दोघं बाकावर बसून राहिली. सगळे आले.

शनिवारी सकाळी गाडी माझ्या दारात. गार.

"कोणाची तरी खुर्ची रिकामी राहू दे म्हणून टपून बसायचं," बहीण म्हणाली, "हे काही बरं नाही वाटत रे. एक म्हातारी आली काठी टेकत, तर मला तिचा रागच आला. तिने काय केलं होतं माझं?"

तिचा चेहरा सुजला होता. डोळे बारीक दिसत होते. बोलताना दोन शब्दांमध्ये श्वास घेत होती, पण मला तिने गाडीच्या चाकावर टेकलेला पाना उचलायला लावला. "कोणाच्या तरी पायात येईल."

त्या दिवशी मी हयगय केली नाही. तापमानाचं बटण नवं टाकलं. पंख्याला करंट जोडणारा रिले नवा टाकला. पंख्याची जमिनीची वायर, जी गाडीच्या पत्र्याला बोल्टने बांधलेली असते, ती सोडवून दोन्ही बाजूंनी घासून पुन्हा आवळली. जे जे केलं त्यावर ठिपका दिला. गाडी पुन्हा उभ्या जागी तापवली. पंखा वेळेवर सुरू झाला, वेळेवर थांबला. माझ्या दारात तो शहाण्या मुलासारखा वागायचा.

"मी सोमवारी तुमच्याबरोबर येतो," मी म्हणालो.

"कशाला?" बहीण म्हणाली. "घरात एवढंसं पोर आहे, पोरगी खाटेवर आहे. तू तिथे थांब. आणि तू म्हणालास ना, झालं म्हणून?"

मी म्हणालो होतो.

सोमवारी खरंच झालं. यंत्रावर चार तास मिळाले, सूज थोडी उतरली. बुधवारी चढ संपायला दोन वळणं राहिली असताना काटा वर गेला. भाऊजींनी खिडक्या उघडून आतला हीटर लावला होता, इंजिनाची थोडी उष्णता तरी त्या वाटेने बाहेर पडावी म्हणून. जिला धाप लागलेली ती बाई त्या गरम झोतात बसून होती. तरी गाडी उकळलीच. खुर्ची गेली. संध्याकाळपर्यंत बाक. सगळे आले.

गुरुवारी मी हात टेकले आणि शेजारच्या रेडिएटरवाल्याला हाक मारली. त्याचं दुकान माझ्या भिंतीला भिंत लावून. दिवसभर रेडिएटरची भोकं बुजवायला डाख वितळवत बसायचा, आणि आमचं पंधरा वर्षं एकमेकांना टोमणे मारण्यावर चालायचं. त्याने रेडिएटर काढून उलटा करून धुतला, नव्या झाकणाने बंद केला, आणि पाण्याची वाट मोकळी आहे असं सांगितलं.

"मोटर बघितलीस का?" त्याने विचारलं.

"पहिल्याच दिवशी. ठिपका दिसत नाही का?"

"ठिपका दिसतोय. मोटर बघितलीस का विचारलं."

"थेट बॅटरीवर फिरवली. वादळासारखी फिरते."

"तुझा ठिपका म्हणजे काय ब्रह्मवाक्य आहे का? एकदा खोलून तरी बघ."

"तू तुझी डाख बघ."

तो हात झटकून गेला. मी मोटर खोलली नाही. उस्तादांना जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती, तरी ठिपक्यावर पुन्हा पाना लावायचा म्हणजे त्यांच्यासमोर उलट बोलल्यासारखं मला वाटायचं. दुसरं म्हणजे, वाटेवरचं सगळं नवं टाकूनही पंखा बंद पडत होता, तर दोष अशा जागी असणार जिथे मी अजून गेलोच नाही, असं मी धरून चाललो होतो. मी रात्रीपर्यंत एक एक वायर सोलून बघत बसलो.

शुक्रवारी पहाटे न सांगता त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"दुकान?" बहिणीने विचारलं.

"दुकान काय पळून जातंय?"

तिने मला परत पाठवलं नाही. त्यावरून मला कळलं की हवालदाराची ताकद संपत आली. भाऊजींच्या चपला घातल्या होत्या, तिच्या स्वतःच्या तिला होत नव्हत्या. उशी घेऊन मागच्या सीटवर बसली. आडवं पडलं की श्वास कोंडतो, म्हणून चार रात्री ती बसूनच झोपत होती, असं भाऊजींनी मला देवापुढे दिवा लावताना पुटपुटतात तशा आवाजात सांगितलं. म्हणजे जवळजवळ न सांगितल्यासारखं.

चढ सुरू झाला. मी पुढे बसून काट्यावर नजर लावली आणि कान पंख्याकडे. पहिल्या काही वळणांत पंखा दोनदा सुरू झाला, दोनदा थांबला. आवाज ओळखीचा होता. मग उन्हं वर आली, एक मालट्रक पुढे रखडत होता, त्याच्यामागे आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होतो. काटा मध्य ओलांडून पुढे सरकला. मी कान दिला. काहीच नाही.

"थांबवा."

"दादा, वेळ..."

"थांबवा, भाऊजी. इंजिन चालू राहू द्या."

मी बॉनेट उघडलं. गरम हवा तोंडावर आली.

"लांब हो!" मागून बहीण ओरडली. एवढा आवाज तिने कुठून काढला कोण जाणे. "फडकं घे! झाकणाला हात लावू नकोस!"

"नाही लावत गं."

"अहो, बघा त्याच्याकडे!"

भाऊजी येऊन माझ्या आणि झाकणाच्या मध्ये उभे राहिले, हातात घडी घातलेला रुमाल घेऊन. बायकोने बघा म्हटलं होतं, म्हणून ते बघत होते.

मी माझा दोन वायरींचा बल्ब घेतला आणि पंख्याच्या जोडात टोकं घातली. बल्ब लख्ख पेटला. करंट मोटरच्या दारापर्यंत आला होता. फ्यूज बरोबर, रिले बरोबर, बटण बरोबर, जमिनीची वायर बरोबर. सगळे आपलं काम करत होते आणि मोटर नुसती बसून होती. तिच्या पाठीवर माझा ठिपका होता. गाडीतला सगळ्यांत जुना, म्हणून कडेने थोडा पुसट झालेला.

पान्याच्या दांड्याने मी तिच्यावर टकटक केलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ठोकल्यावर पंखा खाकरल्यासारखा हलला आणि फिरायला लागला.

त्या रस्त्याकडेला उभं राहून मला सगळं कळलं. मोटरच्या आत कोळशाचे दोन छोटे तुकडे असतात, आम्ही त्यांना कार्बन म्हणतो. ते फिरणाऱ्या भागाला टेकलेले असतात, त्यांच्यातून करंट आत जातो. झिजून आखूड झाले की गार असताना कसेबसे टेकतात. मोटर भट्टीसारखी तापली की आपल्या खोबणीत अडकून बसतात, पुढे सरकत नाहीत. धक्का बसला की सुटतात. गार गाडीत हा दोष जन्मात दिसायचा नाही. माझ्या दारात उभ्या जागी वीस मिनिटांत गाडी तापते ती अशी नाही. आणि माझ्यापुढे प्रत्येक वेळी गाडी गार करूनच आणली होती.

"दादा, एक सांगू का?" भाऊजी म्हणाले. "गेल्या महिन्यात गाडी खड्ड्यात आदळली होती, तेव्हाही असाच अचानक सुरू झाला होता. मला वाटलं योगायोग. तुम्हाला सांगितलं तर हसाल."

मी हसलो असतो. ते खरंच होतं.

काटा उतरायला वेळ लागला. दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. सिस्टर दारातच उभी होती, तिने बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं आणि बाक दाखवला. सहाही खुर्च्यांवर माणसं होती. कोणाला उठवणार? आम्ही तिघं बसलो. बहीण माझ्या खांद्याला टेकली होती. ज्या खांद्यावर तिने मलम लावलं होतं त्याच.

"सापडलं का खरं?" तिने विचारलं.

"सापडलं. मोटर."

"तिच्यावर तर तू पहिल्या दिवशी ठिपका दिला होतास."

हवालदाराच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"हो."

तिने डोळे मिटले. श्वास मोजत होती बहुतेक. मग म्हणाली, "आणि गार करून आणायला मी लावत होते. दोघं मिळून एक शहाणा झाला असता, दादा."

भाऊजी समोरच्या भिंतीवरची सूचना वाचत असल्यासारखे बसले होते.

दुपारच्या पाळीचा एक म्हातारा त्या दिवशी आला नाही. का आला नाही ते आम्ही विचारलं नाही. बहिणीला त्याची खुर्ची मिळाली, अडीच तासांसाठी. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. छातीत पाणी भरलंय म्हणाले, दोन पाळ्या चुकल्याने हृदयावर ताण आलाय. आता एकही चुकवू नका.

शनिवारी मी मोटर काढून फळीवर खोलली. एक कार्बन नखाएवढा उरला होता, दुसरा त्याहून कमी. रेडिएटरवाला दारात येऊन उभा राहिला, त्याने वाकून पाहिलं. टोमणा मारायला याहून चांगली संधी त्याला पंधरा वर्षांत मिळाली नव्हती. तो म्हणाला, "चहा सांगतो," आणि गेला.

नवी मोटर बसवली. मग मी एकट्याने गाडी चढावर नेली, दुपारच्या उन्हात, पहिल्या गिअरमध्ये, इंजिन ओरडेपर्यंत. वर नेली, खाली आणली, पुन्हा नेली. पंखा एकदाही चुकला नाही. नव्या मोटरवर ठिपका दिला नाही.

सोमवारी भाऊजींनी दवाखान्यातून दुकानाच्या फोनवर कळवलं, "दादा, पंखा फिरला." बुधवारीही तेच. शुक्रवारीही. एवढंच बोलायचे आणि फोन ठेवायचे. बहीण कशी आहे हे ते सांगत नव्हते आणि मी विचारत नव्हतो. सूज उतरत नव्हती. ते मला रविवारी तिला बघायला गेलो तेव्हा दिसलं. तिने विचारलं, "वजन?" मी म्हणालो, "अडीच किलो." "बघ," ती म्हणाली, "ती भरतेय."

पुढच्या सोमवारीही पंखा फिरला. बुधवारी मी पुन्हा त्यांच्याबरोबर गेलो. कारण काहीच नव्हतं. गाडी नीट होती.

चढावर मालट्रक होते, ऊनही होतं, काटा मध्यावरून हलला नाही. साडेसातलाच आम्ही दवाखान्याच्या फाटकात होतो, खुर्च्यांची खोली अजून पुसली जात होती. भाऊजींनी इंजिन बंद केलं. पंखा फिरत राहिला. पाणी गरम असलं की तो इंजिन बंद झाल्यावरही थोडा वेळ फिरतो. मी दार उघडून बहिणीला हात दिला.

"थांब," ती म्हणाली. "त्याचं होऊ दे."

आम्ही तिघं बसून राहिलो. दोन मिनिटांनी पंखा मंद झाला आणि थांबला. मग ती उतरली.

खुर्ची वेळेवर मिळाली. अकराच्या सुमारास यंत्र ओरडायला लागलं आणि पडदा ओढला गेला. आत बरीच धावपळ झाली. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी त्यांना एकच विचारलं, की त्या दोन पाळ्या चुकल्या नसत्या तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." मी अजूनही त्यातून ना हो काढत, ना नाही. त्यांना सांगता येत नव्हतं, एवढंच.

आम्ही निघालो तेव्हा बाकावर चाळिशीची एक बाई बसली होती, मांडीवर डबा घेऊन. सिस्टरने तिला हाताने खूण केली. ती उठली, आमच्याकडे बघायचं टाळून आत गेली. तिला मी दोष देत नाही.

ठिपके देणं मी त्यानंतरही सोडलं नाही, दुसरी पद्धत मला येत नव्हती. फक्त संध्याकाळी ओल्या फडक्याने सगळे पुसून टाकायचो आणि गाडी दुसऱ्या दिवशीही दारात असली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचो. त्याने काम दुप्पट व्हायचं. लोक म्हणायचे, वायरमन म्हातारा झाला. नात शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या शेजारी बसून मी अक्षरं शिकलो. भाऊजींनी मला एक जाड वही बांधून दिली, हे लिहितोय ती तीच. गाडी त्यांनी विकली नाही. महिन्यातून एकदा सुरू करायचे, पंखा फिरेपर्यंत बसायचे आणि बंद करायचे.

माझी बहीण, घरात जिला आम्ही हवालदार म्हणायचो, त्या वर्षी, नात सहा आठवड्यांची असताना, बुधवारी सकाळी सव्वाअकरा वाजता दवाखान्यातल्या तिसऱ्या खुर्चीवर वारली. तेव्हा ती एकावन्न वर्षांची होती. भाऊजी त्यानंतर नवव्या वर्षी, मार्च महिन्यात वारले.